आधी गिऱ्हाईक, मग कंद

प्रश्न : सासवडजवळ आमची दीड एकर जमीन आहे. विहिरीला उन्हाळ्यातही थोडेफार पाणी असते. नोकरी सोडून मी गावी आलो आहे आणि पत्नीलाही शेतीची आवड आहे. परदेशात अर्ध्या एकरात काडीची फुले लावून घर चालवणाऱ्यांचे व्हिडिओ आम्ही दोघांनी पाहिले. आपल्याकडे हे जमेल का? गुलाब, जरबेरा, ग्लॅडिओलस, निशिगंध यांपैकी सुरुवात कशापासून करावी?
– एक वाचक, ता. पुरंदर

उत्तर : जमेल. मात्र तुमच्या यादीतली पहिली दोन नावे तूर्त खोडा आणि उरलेल्या दोघांच्या वर ॲस्टर लिहा. का, ते सांगतो. पण त्याआधी एक काम करा.

एखाद्या पहाटे दोघेही गुलटेकडीच्या मार्केट यार्डातल्या फूलबाजारात जा. सणाच्या आदल्या दिवशी नको, साध्या वारी जा. सणाला सगळ्यांचाच माल उठतो, त्यातून काही कळत नाही. कोणता माल कसा मोजला जातो ते पाहा. सुटी फुले किलोवर जातात, ॲस्टर जुडीवर. डच गुलाबाची गड्डी वीस नगांची, ग्लॅडिओलसची दहा काड्यांची. निशिगंधाची, म्हणजे बाजारातल्या गुलछडीची, फुले किलोवर आणि काडी वेगळी. मग बाजार ओसरेपर्यंत थांबा. शेवटी काय पडून राहते ते बघा. उठाव कशाला नाही हे त्या ढिगाइतके स्पष्ट कोणी सांगणार नाही. दोन-तीन आडत्यांशी बोला. काडी किती लांब हवी, कोणता रंग हवा, कोणत्या दिवशी माल नको, हे विचारा. एखाद्या शेतकऱ्याला त्याची पट्टी दाखवायची विनंती करा. भाव किती मिळाला याच्या खाली अडत, हमाली, भाडे किती कापले गेले आणि हातात काय उरले, तो शेवटचा आकडा तुमच्या कामाचा. मुंबईला माल पाठवायचा विचार असेल तर दादरच्या मीनाताई ठाकरे फूल मंडईचीही एक खेप करा. तिथला बाजार पहाटेच भरतो, त्यामुळे तुमचा माल आदल्या रात्री गाडीत बसलेला हवा, हे ध्यानात ठेवा.

देवळाच्या दारात काडीला फारसे गिऱ्हाईक नसते, तिथे हार खपतो. काडी घेतात ते मंडपवाले, गुच्छ बांधणारे फुलवाले आणि थोडीफार हॉटेले. म्हणजे तुमचा धंदा लग्नाच्या तिथींवर, गणपतीच्या आराशीवर आणि नाताळ-व्हॅलेंटाइनवर चालणार. पितृपक्षात तो झोपतो. फुलशेती करणाऱ्याच्या घरात पंचांग भिंतीवर नको, लागवडीच्या वहीशेजारी हवे, असे मी म्हणतो ते यासाठी. २०२५ मध्ये गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला होती, २०२६ मध्ये ती १४ सप्टेंबरला. ॲस्टरला बी टाकल्यापासून फुलापर्यंत साधारण पावणेचार महिने धरा. एका वर्षी मेच्या सुरुवातीला टाकायचे बी दुसऱ्या वर्षी मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात टाकावे लागते. गेल्या वर्षीची तारीख धरून चालणाऱ्याचा माल गणपती यायच्या आधीच फुलून जातो. त्याच २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून असा ऐन लग्नसराईत आला. अधिक महिन्यात आपल्याकडे लग्ने लावत नाहीत. त्या चार आठवड्यांसाठी लावलेली काडी कोणाला विकणार?

आता पिके. ॲस्टरपासून सुरुवात करा म्हणालो, कारण त्यात भांडवल कमी अडकते. बियाण्याचे पीक आहे. गादीवाफ्यावर रोपे करायची, महिन्याभरात ती लावायची. त्यानंतर अडीच-तीन महिन्यांत फुले. पॉलिहाउस लागत नाही. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या पुण्यातल्या गणेशखिंड केंद्रातून आलेले 'फुले गणेश व्हाइट', 'फुले गणेश पिंक', 'फुले गणेश व्हायलेट' हे वाण आहेत. दोन गोष्टी सांभाळा. ॲस्टरच्या बियाण्याची उगवणशक्ती लवकर जाते, तेव्हा डब्यात ठेवलेले जुने बी वापरू नका. आणि त्याच वाफ्यात लागोपाठ ॲस्टर घेऊ नका, मर रोग जमिनीत घर करतो.

दुसरा निशिगंध. एप्रिल-मेमध्ये कंद लावले की तीन-चार महिन्यांत दांडे येऊ लागतात आणि लागवड साधारण तीन वर्षे ठेवता येते. नवख्याला तो सोयीचा आहे, कारण त्याला दोन बाजार आहेत. एकेरी फुलाच्या वाणात काडीचा भाव पडला तर दांड्यावरून फुले तोडायची आणि किलोवर हारवाल्यांना द्यायची. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेचा 'प्रज्वल' हा वाण सुट्या फुलांसाठी आणि काडीसाठी असा दोन्हीकडे चालतो. दुहेरी फुलाचा दांडा दिसायला भरदार, पण तो मुख्यतः काडी म्हणूनच विकावा लागतो. भाव पडला की हात बांधलेले. म्हणून आधी एकेरीच लावा.

ग्लॅडिओलसला हात घालायचा तो दुसऱ्या वर्षी. हेक्टरी दीड लाखाच्या हिशेबाने गुंठ्याला साधारण १,५०० कंद बसतात आणि एका कंदाला एक काडी धरा. म्हणजे एका गुंठ्यात दहाच्या १५० गड्ड्या. सगळे कंद एकाच दिवशी लावलेत तर त्या दीडशे गड्ड्या आठ-दहा दिवसांत अंगावर येतील आणि आडत्या तुम्हाला फोनवर थांबा म्हणेल; फूल मात्र थांबत नाही. म्हणून पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने थोडे-थोडे लावतात. यात सगळ्यात मोठा खर्च कंदांचा, पण तो खर्च मातीत विरत नाही. काडी तोडताना झाडावर चार तरी पाने ठेवा. त्या पानांवर जमिनीत नवा कंद पोसतो. पुढे पाने पिवळी पडली की तो काढायचा, सावलीत सुकवायचा आणि सुमारे तीन महिने शीतगृहात ठेवायचा. हा विसावा मिळाल्याशिवाय उगवण एकसारखी होत नाही. काडीच्या लोभाने पाने छाटणारा पुढच्या वर्षीचे बियाणे विकून खातो.

पहिल्या वर्षी सगळे मिळून पाच-सहा गुंठ्यांच्या पुढे जाऊ नका. उरलेल्या जमिनीत घरच्यांना येते तेच पीक चालू द्या. एक-दोन गुंठे भरणीच्या मालाला द्या, म्हणजे गोल्डनरॉड, डेझी, कामिनीचा पाला. गुच्छात फुलांच्या मागे जे हिरवे-पिवळे दिसते ते हेच. त्याच्याकडे कोणी कौतुकाने पाहत नाही, पण फुलवाल्याला ते वर्षभर लागते.

गुलाब-जरबेऱ्याला, म्हणजे पॉलिहाउसला, तूर्त नाही का म्हटले, ते हिशेबानेच सांगतो. दहा गुंठे म्हणजे जवळपास १,००० चौरस मीटर. जरबेऱ्याची चौरस मीटरला सहा रोपे लावतात, म्हणजे ६,००० रोपे. चौरस मीटरला वर्षाकाठी २०० च्या आसपास फुले धरली तर वर्षाची दोन लाख, दिवसाची साडेपाचशे. दहाची गड्डी केली तर रोज ५५ गड्ड्या. रोज, पितृपक्षातसुद्धा. त्या घेणारा कोण, याचे उत्तर नसताना अनेकांनी कर्ज काढून सांगाडे उभे केले. २५ मार्च २०२० ला गुढीपाडवा होता आणि त्याच दिवसापासून देशभर टाळेबंदी लागली. बाजार बंद, लग्ने बंद. जरबेऱ्याचे फूल ठेवले तर झाड बिघडते, म्हणून मजुरी देऊन फुले काढायची आणि बांधावर फेकायची, अशी वेळ पॉलिहाउसवाल्यांवर आली. बँकेचा हप्ता चालूच. उघड्या वाफ्यात ॲस्टर लावलेल्याचेही नुकसान झाले, पण त्याने नांगर घालून दुसरे पीक पेरले. दोन वर्षे काडी विकून तुमची पाच-सहा पक्की गिऱ्हाइके झाली, तर पॉलिहाउसचा विचार जरूर करा. सुरुवात तिथून नको.

तोडणीचे एवढेच सांगतो : पाण्याची बादली घेऊन वाफ्यात जा, काडी तोडली की लगेच पाण्यात. बादली रोज घासलेली हवी. पाण्यातले जिवाणू काडीच्या नळ्या बुजवतात, मग पाणी असूनही फूल मान टाकते. निशिगंधाची काडी खालची एक-दोन फुले उमलली की तोडा. ग्लॅडिओलसच्या खालच्या कळ्यांनी रंग दाखवला की पुरे. पूर्ण उमललेले फूल शेतात छान दिसते, बाजारात ते शिळे ठरते.

प्रश्न : फुलवाले ग्लॅडिओलस नेहमी उभाच ठेवतात. आडवा ठेवला तर शेंडा वर वळतो, असे का होते?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तोडलेली काडीही काही दिवस जिवंत असते आणि वाढत असते. आडवी ठेवली की वाढीचे संप्रेरक गुरुत्वाकर्षणामुळे तिच्या खालच्या अंगाला जास्त साठते. ती बाजू वरच्या बाजूपेक्षा भराभर लांबते आणि शेंडा आकाशाकडे वळतो. एकदा वाकलेली काडी पुन्हा सरळ होत नाही आणि तिचा भाव उतरतो. म्हणून बादलीतही उभी आणि शक्य तर गाडीतही उभी.

प्रश्न : आमच्या शेजारच्या पॉलिहाउसमध्ये जरबेरा कात्रीने न कापता हाताने ओढून काढतात. झाड दुखावत नाही का?
– एक वाचक, शिरवळ

उत्तर : कापल्यानेच जास्त दुखावते. कापलेल्या दांड्याचा बुंधा झाडावर राहतो, तिथे तो कुजतो आणि ती कूज गड्ड्यात उतरते. दांडा जरा तिरका धरून ओढला की तो बुडापासून स्वच्छ सुटतो. मात्र काढलेल्या दांड्याचे टोक नंतर दोन-तीन सेंटिमीटर कापायचे असते. बुडाचा भाग कठीण असतो, त्यातून पाणी नीट चढत नाही. घरी आणलेला जरबेरा दुसऱ्याच दिवशी मान टाकत असेल तर हे करून पाहा.

प्रश्न : मावळातला गुलाब परदेशात जातो, मग छोट्या शेतकऱ्याने निर्यातीचेच स्वप्न का पाहू नये?
– एक वाचक, चाकण

उत्तर : स्वप्न पाहायला हरकत नाही, पण ती रांग वेगळी आहे. तळेगाव-मावळ पट्ट्यातला व्हॅलेंटाइनचा गुलाब पॉलिहाउसमधला, शीतगृहातून थेट विमानतळाकडे जाणारा. १४ फेब्रुवारीला परदेशातल्या दुकानात फूल हवे म्हणून डिसेंबरातच झाडांची छाटणी आणि वाकवणी तारखा मोजून करावी लागते आणि जानेवारीच्या शेवटी तोडणी सुरू होते. त्यात थंडी वाढली की कळी मागे पडते, उकडले की पुढे येते. काडीची लांबी, कळीचा आकार, कीड-रोगाचा एकही डाग नको, हे सगळे प्रत्येक पेटीत सारखे हवे. पाच गुंठेवाल्याला ते एकट्याने परवडत नाही. या क्षेत्राची शास्त्रशुद्ध ओळख हवी असेल तर तळेगाव दाभाड्यालाच हरितगृह व्यवस्थापनाचे प्रशिक्षण मिळते. अभ्यासक्रम पुरा करून या, मग ठरवा.

प्रश्न : पॉलिहाउसला ५० टक्के अनुदान मिळते, असे कंत्राटदार सांगतो. आधी काम सुरू करू, कागद नंतर होतील, असेही म्हणतो. त्याचे ऐकावे का?
– एक वाचक, ता. खेड

उत्तर : पहिले वाक्य खरे आहे, दुसरे नाही. एकात्मिक फलोत्पादन विकास अभियानात संरक्षित शेतीला खर्चाच्या मापदंडाच्या ५० टक्के अर्थसाहाय्य आहे. पण टक्केवारी सरकारने ठरवलेल्या मापदंडावर मोजतात, कंत्राटदाराच्या बिलावर नव्हे. मधला फरक तुमच्या खिशातून जातो. पैसेही काम होऊन मोका तपासणी झाल्यावर येतात, म्हणजे आधी सगळा खर्च तुम्हीच उभा करायचा. अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर करा, तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून चालू वर्षाचे नियम लेखी समजून घ्या आणि पूर्वसंमतीपत्र हातात येईपर्यंत कंत्राटदाराला एक खांबही रोवू देऊ नका.