निदाने अनेक, माणूस एकच

एकाच रुग्णाच्या नावापुढे दोन-तीन व्यक्तिमत्त्व विकारांची नोंद दिसली, की घरातील मंडळी धास्तावतात. एक आजार असता तर बरा झाला असता, आता आशा कसली, असे रुग्णालाही वाटू लागते. ही समजूत बरोबर नाही. अशी नोंद म्हणजे एका देहात दोन माणसे वावरणे नव्हे, तसेच दोन स्वतंत्र रोग जडणेही नव्हे.

विचार, भावना व इतरांशी वागणे यांची ताठर बनलेली आणि दीर्घकाळ टिकून राहिलेली त्रासदायक घडण म्हणजे व्यक्तिमत्त्व विकार होय. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ च्या वर्गीकरणात असे १० विकार दिले आहेत. मात्र त्यांच्या सीमारेषा एकमेकींत मिसळतात. एकटे सोडले जाण्याची भीती बॉर्डरलाइन विकारात आढळते, तशीच ती परावलंबी विकारातही आढळते. बॉर्डरलाइनच्या निदानास ९ पैकी ५ लक्षणे पुरतात. त्यामुळे हे निदान झालेल्या दोन व्यक्तींत केवळ एकच लक्षण समान असणे शक्य आहे.

ही अडचण ओळखून जागतिक आरोग्य संघटनेने १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या अकराव्या वर्गीकरणात वेगवेगळ्या नावांऐवजी एकच निदान ठेवले. विकार सौम्य, मध्यम की तीव्र हे प्रथम ठरविले जाते. नंतर ठळक स्वभावविशेषांची नोंद होते. बॉर्डरलाइन स्वरूपाची नोंद करण्याची सोयही ठेवण्यात आली आहे.

उपचारांत मुख्य भर मानसोपचारांवर असतो. खिन्नता, चिंता यांसारख्या जोडीच्या तक्रारींसाठी औषधे दिली जातात. भावनांचा आवेग सावरण्याची कौशल्ये शिकविणारी उपचारपद्धती अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहान यांनी विकसित केली. तरुणपणी आपण स्वतः तीव्र मनोव्यथेमुळे रुग्णालयात होतो, असे त्यांनी २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले. ज्या अनुभवाने माणूस खचतो, त्यातूनच इतरांना आधार देणारी वाट निघू शकते, हे या उदाहरणावरून दिसते.

म्हणून निदानांची संख्या मोजण्यापेक्षा दैनंदिन जीवनात नेमके काय अडते, हे रुग्णाने व कुटुंबीयांनी तज्ज्ञांसमोर मांडावे. उपचारास वेळ लागतो. तो मध्येच सोडू नये. जीव नकोसा झाल्याची भाषा कोणी केल्यास ती गांभीर्याने घेऊन त्वरित मदत मिळवावी. शासनाच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठी उपलब्ध आहे.