बाग आखा ती नवतपा डोळ्यांपुढे ठेवून

यवतमाळ जिल्ह्यातल्या नेरमध्ये माझं कृषी केंद्र आहे आणि घर गावाच्या कडेला असलेल्या एका जुन्या ले-आउटमध्ये. ले-आउटच्या नकाशात मधोमध एक हिरवा चौकोन दाखवलेला होता, 'ओपन स्पेस' म्हणून. प्लॉट विकले गेले, घरं उभी राहिली आणि त्या चौकोनात उरलेली गिट्टी, फुटक्या विटा, बांधकामाचा मलबा येऊन पडला. पावसाळ्यात गाजरगवत कमरेएवढं व्हायचं, उन्हाळ्यात ते पेटवून दिलं जायचं. संध्याकाळी तिकडून पोरीबाळी जायला धजत नसत.

आज तिथे कडुनिंबाखाली बायका बसतात, मुलं खेळतात आणि भरदुपारीही सावलीत चार म्हातारी माणसं सापडतात. पण ही दुसरी बाग. पहिली एका उन्हाळ्यात संपली. कॉलनी तीच, माती तीच, माणसंही तीच. तरी एक बाग जळाली आणि दुसरी जगली, याची कारणं मोजकी आणि साधी आहेत. यवतमाळ-अमरावतीकडच्या बहुतेक ले-आउटना ती लागू पडतील, म्हणून लिहितो आहे.

पहिल्या बागेसाठी घराघरातून वर्गणी निघाली आणि बाहेरगावच्या एका ठेकेदाराला काम दिलं गेलं. त्याने चित्र दाखवलं: मध्ये हिरवळ, कडेने कोनोकार्पसची भिंत, वाटेच्या दोन्ही बाजूंना पाम, मध्यभागी कारंजं. सभेत सगळ्यांना चित्र आवडलं. शेजारच्या काकूंनी मागून एवढंच विचारलं, "मंग उन्हाळ्यात पानी कोन टाकन?" त्यावर थोडं हसू झालं आणि विषय पुढे गेला. जुलैत नारळ फुटला, फोटो निघाले. ऑगस्टच्या झडीत पाम पिवळे पडून कुजले, डिसेंबरपर्यंत शेळ्यांनी कोवळ्या रोपांचे शेंडे खाल्ले, मार्चमध्ये बोअरचं पाणी कमी झालं आणि रोहिणी लागून नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू झाला तेव्हा हिरवळीच्या जागी पिवळं कुटार अंथरल्यागत दिसत होतं.

आधी पाण्याचा हिशोब

हिरवळीचं गणित कुणीही वहीत मांडू शकतो. एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. हजार चौरस फूट म्हणजे सुमारे ९३ चौरस मीटर. आपल्याकडच्या मे महिन्यात हिरवळ खरंच हिरवी ठेवायची तर दिवसाला सहा-सात मिलिमीटर पाणी हवं, म्हणजे रोज सहाशे लिटर. भूमिगत गटार नसलेल्या गावांसाठी पाणीपुरवठ्याचं सरकारी मानक माणशी दिवसाला ७० लिटर आहे. म्हणजे एका छोट्या हिरवळीवर आठ-नऊ माणसांचं पाणी जातं. २०१८ च्या उन्हाळ्यात यवतमाळ शहराला पाणी देणारी निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली, लोक टँकरमागे धावले. अशा जिल्ह्यात हिरवळीसाठी पाणी मागायला तोंड उघडत नाही.

तेच सहाशे लिटर झाडांकडे वळवा. नव्या रोपाला उन्हाळ्यात आठवड्याला चाळीसएक लिटर पुरे, तेही दोन वेळा मिळून. त्या हिशोबाने तेवढ्याच पाण्यात शंभर रोपं निघतात. दुसऱ्या बागेत आम्ही हिरवळ घेतलीच नाही. मुलांच्या खेळायच्या जागेवर मुरूम दाबला, पावसाळ्यात आपोआप येणारं गवत कापून ठेवलं आणि सगळं पाणी झाडांच्या आळ्यांना दिलं.

पाणी कुठून आणायचं, हेही रोपं आणण्याआधी ठरवा. वर्षाला ९०० मिलिमीटर पाऊस धरला आणि वीस टक्के वाया गेला असं मानलं, तरी शंभर चौरस मीटरच्या स्लॅबवरून ७२ हजार लिटर पाणी उतरतं. ओपन स्पेसला लागून असलेल्या घरांचे पाइप गिट्टी-वाळूच्या खड्ड्यातून बोअरजवळ मुरवले तर ते जमिनीत राहतं. न्हाणीघराचं पाणी कर्दळ आणि केळीच्या वाफ्यातून सोडून झाडांना देता येतं. संडासाचं पाणी मात्र त्यात मिसळू देऊ नका. आळ्यात सोयाबीनचं किंवा तुरीचं कुटार चांगलं वीतभर घाला, ओलावा टिकतो. कुटार खोडाला चिकटवू नका, नाहीतर उधई लागते. रोपाजवळ तळाला बारीक भोक पाडलेलं मडकं पुरणं ही जुनी युक्ती आजही कामाची आहे, आणि भर उन्हात पाणी द्यायला माणूस नसेल तेव्हा तर फारच.

काळ्या मातीशी भांडू नका

आपली माती कापसाची. पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात. पाम का कुजले, तर ठेकेदाराने काळ्या मातीत खोल खड्डे घेऊन त्यात बाहेरून आणलेली हलकी लाल माती भरली होती. भोवतीची चिकण माती पाणी सोडत नाही, त्यामुळे प्रत्येक खड्डा हौद झाला. खड्ड्यातून निघालेलीच माती शेणखत मिसळून परत भरा आणि पावसाळ्यापुरती रोपाची जागा आजूबाजूपेक्षा चार बोटं उंच ठेवा. पावसाळा ओसरला की मग भोवताली आळं करा. खड्डे एप्रिल-मेमध्येच घेऊन तापू द्या. शेतकरी उन्हाळ्यात नांगरट तापवतो, त्यामागे जे कारण आहे तेच इथेही आहे.

याच मातीमुळे पेव्हर ब्लॉकची वाट दोन पावसाळ्यांत वरखाली होते. खाली मुरमाचा चांगला थर नसेल तर ब्लॉक लावू नका. आमच्याकडे आता नुसत्या मुरमाची वाट आहे. ती आखण्याआधी लोक मुळात कुठून चालतात ते पाहिलं. दुकानाकडे, ऑटो थांबतो तिकडे, शाळेच्या बसकडे ज्या पायवाटा पडल्या होत्या, त्यांवरच मुरूम टाकला. चित्रातली वळणदार वाट कुणी वापरत नाही, लोक वाफे तुडवत सरळ जातात.

भिंतींपासूनचं अंतर पाळा. मोठं झाड घराच्या किंवा कंपाउंडच्या भिंतीपासून वीस फूट तरी दूर हवं. वड, पिंपळ, उंबर याहून लांब, आणि शोषखड्ड्याजवळ तर नकोच. काळ्या मातीत झाड पाणी ओढतं तेव्हा जमीन आणखी आकसते आणि उथळ पायाच्या भिंतीला तडा जातो. वर तारा असतील तर खाली उंच झाड लावू नका. दर पावसाळ्याआधी महावितरणची माणसं येऊन ते मधोमध छाटतील आणि त्यात त्यांचं काही चूक नसेल.

कोणती झाडं

कोनोकार्पस झटपट वाढतो, बारा महिने हिरवा दिसतो, म्हणून ठेकेदारांचा लाडका आहे. मूळचा तो अमेरिका आणि आफ्रिकेच्या समुद्रकाठचा. आरोग्य आणि पर्यावरणाच्या कारणांवरून गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, तेलंगणानेही त्याला आधीच नको म्हटलं होतं. गुलमोहर मादागास्करचा. दिसतो देखणा, पण वादळात फांद्या मोडतात, म्हणून खेळायच्या जागेवर नको. सप्तपर्णीच्या फुलांचा उग्र वास अनेकांना सोसत नाही, तेव्हा खिडक्यांजवळ ती नको. पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, हिच्या बिया जिवावर बेतण्याइतक्या विषारी असतात. लहान मुलं जिथे खेळतात तिथे ती अजिबात लावू नका, असेल तर काढा.

काय लावायचं ते नर्सरीच्या यादीत शोधू नका, गावात फिरून शोधा. जुन्या शाळांची आवारं, तहसीलजवळची मोकळी जागा, वावरांचे धुरे पाहा. वर्षानुवर्षं कुणी पाणी न घालता जे उभं आहे, ते तुमचं झाड. आमच्याकडे कडुनिंब, करंज, चिंच, शिरीष, बहावा, कांचन, जांभूळ, बेल आणि कवठ चाललं. कोपऱ्यात एक पळस मुद्दाम लावला, कारण तो या जिल्ह्याचाच. तो हळू वाढतो, त्याची घाई करू नये. लवकर सावली हवी म्हणून मधल्या जागांत शेवगा आणि हादगा लावला. पाच-सहा वर्षांत मोठी झाडं वर आली की हे काढता येतात, तोवर शेंगा आणि फुलांची भाजी घराघरात जाते. कडेला मेंदी, निरगुडी आणि अडुळसा लावला, कारण शेळी त्यांना सहसा तोंड लावत नाही. कडुनिंब मात्र ती आवडीने खाते, म्हणून त्याला माणसाच्या उंचीचं कुंपण लागतंच. लोखंडी जाळी महाग पडली तर बांबूचा तट्टा गोल बांधा.

रोप घेताना उंचीवर भुलू नका. पिशवीत मुळं गोल गोल फिरलेली उंच रोपं पुढे वादळात आडवी होतात. पिशवी फाडून मुळं पाहायला नर्सरीवाला नाही म्हणाला तर दुसरीकडे जा. सामाजिक वनीकरणाच्या रोपवाटिकेत देशी रोपं माफक दरात मिळतात. झाडं निवडायला मदत हवी असेल तर अमरावतीच्या वडाळीचं बांबू गार्डन किंवा नागपूरची महाराजबाग एकदा पाहून या. आपल्यासारख्याच उन्हात काय टिकतं ते तिथे समोर दिसतं.

गाजरगवताला तणनाशक नको

जागा साफ करायची ठरली तेव्हा दोघे-तिघे दुकानात आले, "भाऊ, एखादं जालीम तणनाशक देऊन टाका ना, एका दिवसात मोकळं." माझा तर धंदाच तो. तरी दिलं नाही. २०१७ मध्ये आपल्या जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन अनेक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या दिवसांत दुकानात बसलेल्या माणसाला मुलांच्या खेळायच्या जागेवर फवारा मारवत नाही.

गाजरगवत फुलावर येण्याआधी, पाऊस पडून माती ओली असताना मुळासकट उपटा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, अनेकांच्या अंगाला त्याने खाज सुटते, दमा बळावतो. फुलं आली असतील तर ते खताच्या खड्ड्यात टाकू नका, बी पसरतं. मोकळ्या झालेल्या जागेवर पहिल्या पावसातच तरोट्याचं बी फेका. तरोटा दाट उगवून गाजरगवताला उठू देत नाही, आणि कोवळा असताना त्याची भाजी होते. हे एका पावसाळ्यात होत नाही. तीन पावसाळे नेटाने करावं लागतं.

कागद आणि माणसं

खड्डा घेण्याआधी जागा कुणाच्या नावावर आहे ते पाहा. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या ले-आउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. मंजूर नकाशाची प्रत मिळवा, मोजणी करून हद्दी पक्क्या करा आणि नगरपरिषदेकडून बागेची लेखी परवानगी घ्या. नाहीतर झाडं कंबरेला आल्यावर कुणीतरी तिथे सभामंडप बांधायला निघतं. आधीची मोठी झाडं असतील तर तीही मनाने तोडू नका, नगरपरिषद हद्दीत १९७५ च्या झाडांच्या जतनाच्या कायद्याने परवानगी लागते. आणि ती तोडायचीच कशाला? आमच्या ओपन स्पेसमध्ये मलब्याखाली अर्धा दबलेला एक कडुनिंब होता. पहिला कट्टा त्याच्याखालीच बांधला, त्यामुळे लोक पहिल्या दिवसापासून येऊन बसू लागले. माणसं बसू लागली तिथे कचरा टाकायला हात कचरतो.

कट्टा कुठे हवा हे बायकांना विचारा. आमच्याकडे पुरुषांनी तो रस्त्याकडेला, पानठेल्यासमोर आखला होता. काकूंनी तो आत, घरांच्या ओट्यांवरून दिसेल असा हलवायला लावला आणि वर दिवा मागितला. बायका संध्याकाळी तिथे बसतात त्याचं कारण एवढंच.

आता पैशांचं. वर्गणी एकदाच मोठी काढण्यापेक्षा दरमहा थोडी काढा आणि त्यातला मोठा वाटा मार्च ते जून पाणी देणाऱ्या माणसाच्या मजुरीसाठी वेगळा ठेवा. पहिल्या बागेचा सगळा पैसा जुलैतच संपला होता. आपल्याच पुसदच्या वसंतराव नाईकांच्या जयंतीला, १ जुलैला, राज्यभर वृक्षलागवड सुरू होते. २०१६ ला २ कोटी, २०१७ ला ४ कोटी, २०१८ ला १३ कोटी आणि २०१९ ला ३३ कोटी झाडांचं उद्दिष्ट सरकारने ठेवलं होतं. उत्साह चांगलाच आहे, पण झाड जुलैत लावलं जातं आणि मेमध्ये मरतं. म्हणून आम्ही लागवडीचा नाही, नवतपा संपल्यावर जिवंत झाडांचा आकडा वहीत लिहितो.

तुमच्या कॉलनीत बाग करायची असेल तर नारळ फोडण्याआधी एक कोरा कागद घ्या. डावीकडे झाडांचे क्रमांक लिहा, उजवीकडे मे महिन्यात त्या झाडाला पाणी घालणाऱ्याचं नाव आणि सही. ज्या क्रमांकापुढे नाव येत नाही, तो खड्डा यंदा घेऊ नका.