थंडीपूर्वी जुन्या गाडीचे कूलंट : निवड आणि बदल

आपले अनेक बंधू गॅरेज, स्पेअर पार्ट्सचे दुकान आणि मालवाहतूक या धंद्यांत आहेत. त्यांच्यासाठी या अंकात आम्ही रेडिएटरमधील पाण्याचा विषय घेतला आहे. विषय लहान वाटतो, पण त्यात संपूर्ण इंजिन जाऊ शकते.

काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून ४० दिवस कडाक्याच्या थंडीचे असतात. त्यांना तेथे 'चिल्लई कलान' म्हणतात. लडाखच्या द्रासमध्ये तर पारा उणे २० अंशांच्याही खाली उतरतो. पाणी शून्य अंशावर गोठते आणि गोठताना सुमारे ९ टक्के फुगते. इंजिनाच्या ब्लॉकमध्ये फुगायला जागा नसते, म्हणून ओतीव लोखंडही तडकते. महाराष्ट्रात हा धोका नाही. येथे घाट चढताना पाणी उकळण्याचा आणि आतून गंज चढण्याचा धोका आहे. परंतु येथून माल घेऊन श्रीनगर किंवा मनालीकडे जाणारी गाडी येथेच तयार होऊन निघाली पाहिजे.

कूलंट म्हणजे काय?

कूलंटमध्ये मुख्यतः इथिलीन ग्लायकॉल आणि गंजरोधक द्रव्ये असतात. निम्मे ग्लायकॉल आणि निम्मे पाणी हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, शिवाय ते पाण्यापेक्षा उशिरा उकळते. जास्त ग्लायकॉल घातले तर जास्त फायदा होईल, हा समज चुकीचा आहे. शुद्ध ग्लायकॉल उणे १३ अंशांच्या आसपासच गोठते आणि उष्णताही कमी वाहून नेते.

बाजारात दोन प्रकारचे डबे मिळतात. एकात पाणी मिसळावे लागते, दुसरे तयार मिश्रण असते. तयार मिश्रणात पुन्हा निम्मे पाणी घातले तर ग्लायकॉल पाव हिश्श्यावर येते आणि उणे १२ अंशांच्या सुमारास ते गोठू लागते. अशी गाडी द्रासला रात्रभर उभी राहिली तर काय होईल, हे सांगायला नको. म्हणून डब्यावरील मजकूर आधी वाचावा.

जुन्या गाडीला कोणते?

अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ साली थांबले, पण अशा जुन्या गाड्या आणि जीप अजूनही दुरुस्तीला येतात. त्यांचे रेडिएटर तांब्या-पितळेचे असून सांधे शिशाच्या डाखाने जोडलेले असतात. लांब मुदतीचे, सेंद्रिय आम्लांचे कूलंट या डाखाला आणि जुन्या रबरी सीलना मानवेलच असे नाही. अशा गाडीला सिलिकेट असलेले जुन्या पद्धतीचे कूलंट घालावे आणि दर २ वर्षांनी बदलावे. रंगावर विसंबू नये, कारण प्रत्येक कंपनीचा रंग वेगळा असतो. दोन प्रकार एकत्र केल्यास गंजरोधक द्रव्यांचा असर कमी होतो, कधी गाळही धरतो. पाणी डिस्टिल्डच वापरावे. बोअरच्या पाण्यातील क्षार आत थर धरतात. बॅटरीवाल्याकडून पाणी घेताना चुकून ॲसिडचा कॅन हाती येणार नाही, याची खात्री करावी.

बदलण्याची रीत

१) इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्यास उकळते पाणी तोंडावर उडते.

२) हीटर असल्यास तो गरमवर ठेवावा. रेडिएटरची तोटी आणि ब्लॉकचा प्लग उघडून जुने पाणी भांड्यात घ्यावे.

३) स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवावे. होज दाबून पाहावेत. भेगाळलेले किंवा लिबलिबीत झालेले बदलावेत. झाकणाचे रबर आणि स्प्रिंगही तपासावी.

४) धुतल्यावर थोडे पाणी आत राहतेच. म्हणून एकूण माप ८ लिटर असेल, तर आधी ४ लिटर शुद्ध कूलंट ओतावे, मग डिस्टिल्ड पाण्याने भरावे.

५) झाकण उघडे ठेवून इंजिन चालू करावे. थर्मोस्टॅट उघडून हवा निघाली की पातळी खाली जाते, तेव्हा भर घालावी. दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर पुन्हा पाहावे.

पातळी वारंवार उतरत असेल आणि इंजिन ऑइल दुधाळ दिसत असेल, तर हेड गॅस्केट तपासावे. तेथे नवे कूलंट ओतून उपयोग नाही.

सावधगिरी

ग्लायकॉल चवीला गोड पण विषारी आहे. थोडेही पोटात गेले तर मूत्रपिंडे निकामी होतात. नळी तोंडाने ओढू नये. सरबताच्या बाटलीत ते भरून ठेवू नये. गटारात किंवा अंगणात सांडू नये, मुले आणि मुकी जनावरे त्याला बळी पडतात.

शेवटी दुकानदार आणि मिस्त्री बंधूंना एक विनंती. रंगीत पाणी कूलंट म्हणून विकले गेले तर गिऱ्हाइकाला ते दुकानात कळत नाही, बर्फात गाडी फुटल्यावर कळते. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला, आतील ओल पाहिली आणि भिजलेला माल लोकांना दिसेल असा वर ठेवायला सांगितले. रेडिएटरचे झाकण लावल्यावर आतले कोणाला दिसत नाही, म्हणून ही अमानत अधिक मोठी आहे. बिलावर कूलंटचा प्रकार, प्रमाण आणि तारीख लिहून द्यावी. त्यामुळे गिऱ्हाईक निश्चिंत राहील आणि इन्शाअल्लाह धंद्यातही बरकत येईल.