प्रूफ नाणे : साधे कोणते, वेगळे कोणते, बिघडवलेले कोणते

उधारी वसूल करताना कधी रोकड मिळते, कधी माल मिळतो आणि कधी जिची किंमत आपल्याला ठाऊक नाही अशी वस्तू समोर ठेवली जाते. मखमली डबीतले चमकदार नाणे ही अशीच एक वस्तू. "सेठ, हे प्रूफ आहे, शिवाय यात टांकसाळीची चूक आहे, याला दहापट भाव येतो," असे सांगणारा माणूस खोटेच बोलत असतो असे नाही. पुष्कळदा त्यालाही कोणीतरी तसेच सांगितलेले असते. मोबाइलवर तर अमुक नाणे असेल तर लाखो रुपये देऊ, अशा जाहिरातींचा पूर आहे. आपल्या नावाने शुल्क आणि कमिशन उकळले जात असल्याचे पाहून रिझर्व्ह बँकेलाही ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर करावे लागले की, जुनी नाणी व नोटा यांच्या अशा खरेदी-विक्रीशी बँकेचा संबंध नाही. आमचा धंदा कापडाचा. पण नाण्यांचा नाद जुना आहे आणि बांधव विचारायला येतात. म्हणून हे चार शब्द.

पहिली गोष्ट म्हणजे, प्रूफ हे नाण्याच्या अवस्थेचे नाव नव्हे, बनावटीचे नाव आहे. नवे कोरे, हात न लागलेले नाणे प्रूफ होत नाही. ते फक्त कोरे नाणे. बाजारात त्याला यूएनसी म्हणतात. प्रूफसाठी टांकसाळ खास डाय घेते, तिचा सपाट भाग आरशासारखा घासते, चित्राचा खोलगट भाग मुद्दाम खरखरीत ठेवते, धातूची चकतीही चकचकीत करून घेते आणि एकापेक्षा जास्त वेळा दाब देऊन नाणे उठवते. मग ते नाणे एकेक उचलले जाते, साध्या नाण्यांसारखे पेटीत एकमेकांवर पडत नाही. म्हणून प्रूफ नाण्याची मोकळी जागा आरसा असते आणि चित्र व अक्षरे पांढुरकी, दाणेदार दिसतात. असे नाणे खिशात घालून झिजवले तरी ते झिजलेले प्रूफच राहते. उलट साधे नाणे कितीही चमकवले तरी ते प्रूफ होत नाही.

कापडवाल्याला हे समजायला वेळ लागू नये. मर्सराइज्ड सुताची चमक धाग्यात असते. खळ देऊन आणि गरम रुळातून काढून आणलेली चमक वरवरची असते, पहिल्या धुण्यात जाते. नाण्यातही चमक डायमधून आली आहे की नंतर वरून चढवली आहे, एवढाच सवाल आहे.

तो सोडवायला फार साधने लागत नाहीत. धागे मोजायचे घडीचे भिंग आपल्यापैकी अनेकांकडे असते, ते पुरते. नाणे कडेने धरावे, बोट पृष्ठभागाला लावू नये. छापील कागद नाण्यापासून चार बोटे अंतरावर धरला तर खऱ्या प्रूफच्या मोकळ्या जागेत अक्षरे उलटी पण स्वच्छ वाचता येतात. घासलेल्या नाण्यात ती पुसट, लाटा आल्यासारखी दिसतात. मग भिंगातून आकड्यांच्या पोटात पाहावे. ९ किंवा ६ च्या गोलातली जागा, अक्षराच्या कानाकोपऱ्यातली जागा. डायची पॉलिश तिथेही पोहोचलेली असते, कारण तो भाग डायचाच आहे. पॉलिशचे चाक किंवा फडके तिथे पोहोचत नाही. म्हणून घासलेल्या नाण्यात बाहेर चमक आणि कोपऱ्यात मळकट रंग असा फरक दिसतो. शिवाय घासणीने उठावाच्या कडा गोल होतात. अशोकस्तंभाच्या सिंहांची आयाळ पाहा. ती गुळगुळीत आणि तरीही चकाकती असेल तर नाणे घासले गेले आहे हे नक्की समजा.

मात्र उठाव पांढुरका नाही म्हणून घाईने बनावट ठरवू नये. डाय जसजशी वापरली जाते तसतसा तिचा खरखरीतपणा झिजतो. त्याच संचातले सुरुवातीचे नाणे दुधाळ दिसते आणि शेवटचे सरसकट चमकदार. दोन्ही अस्सल.

आता तथाकथित वेगळ्या नाण्यांकडे वळू. इथे सर्वाधिक फसगत होते ती एका बारीक, वाकड्या रेघेवरून. डाय कापडाने पुसतात. कधी त्या कापडाचा एखादा तंतू डायवर राहून जातो आणि दाब पडला की नाण्याच्या आरशात त्याचा ठसा बसतो. आपल्या धंद्यातला रोजचा कचरा, पण तिथे तो कायमचा कोरला जातो! हा खरा टांकसाळीतला ऐब आहे. तंतूचा ठसा मऊ वळणाचा, तळ गुळगुळीत आणि दोन्ही काठ शांत असतात. त्याउलट टोकदार वस्तूने पडलेल्या चरोट्याच्या दोन्ही बाजूंना धातू वर ढकलला जातो. नांगराच्या तासाशेजारी माती चढते तसा. भिंगाखाली नाणे फिरवले की तो काठ चमकतो. मागे एका कारखानदाराने जुन्या हिशेबात अशा रेघेचे नाणे देऊ केले होते, "दुर्मीळ चूक" म्हणून. रेघेला दोन्हीकडे काठ होते, म्हणजे ती सुईची होती. आम्ही त्यांना तो काठ भिंगातून दाखवला आणि नाणे चांदीच्या भावात धरले. त्यांनीही ते मान्य केले. आणि हेही सांगून ठेवतो की तंतूचा खरा ठसा असला तरी तो प्रूफ नाण्यांत इतका विरळ नाही की त्याला दहापट भाव यावा. पुष्कळ जाणकार तर त्याला खोटच मानतात.

दुसऱ्या प्रकारच्या रेघा उंचावलेल्या असतात. डाय घासताना तिच्यावर पडलेले ओरखडे नाण्यावर उलटे, म्हणजे वर उठून येतात. त्या मोकळ्या जागेत धावतात आणि अक्षराच्या पायाशी थांबतात. नंतर फडक्याने पडलेले केसासारखे ओरखडे मात्र खोलगट असतात आणि अक्षरांवरूनही बिनधास्त जातात. रेघ वर आहे की आत, आणि ती कुठे थांबते, एवढे पाहिले तरी निम्मे वाद मिटतात.

प्रूफ नाण्यात मोठी चूक, म्हणजे चित्र एका बाजूला सरकलेले किंवा दोन ठसे एकावर एक, फारच क्वचित मिळते, कारण प्रत्येक नाणे तपासून डबीत जाते. साध्या नाण्यांत ती जास्त सापडते. नाणेवाले ज्याला लखी म्हणतात, एका बाजूला सरळ चित्र आणि दुसऱ्या बाजूला तेच उलटे, खोलगट, ते असेच घाईच्या छपाईत घडते: आधीचे नाणे यंत्रात अडकून राहते आणि तेच डायचे काम करते. म्हणून "प्रूफमधली मोठी चूक" असे शब्द ऐकले की आधी शंका घ्यावी. दोन्ही बाजूंना छापा असलेले नाणे बहुधा दोन नाणी कातून एकात एक बसवलेले असते. कडेच्या आत जोडाची बारीक रेघ सापडते आणि टणत्कार बद्द येतो.

टांकसाळीच्या खुणेबद्दलही थोडे. मुंबईच्या साध्या नाण्यांवर सालाखाली चौकट असते, हैदराबादच्या नाण्यांवर तारा, नोएडाच्या नाण्यांवर टिंब, आणि कोलकात्याच्या नाण्यांवर काहीच नसते. मुंबईच्या प्रूफ नाण्यांवर मात्र पूर्वी इंग्रजी 'बी' अक्षर येई आणि १९९६ पासून 'एम' येऊ लागले. हे माहीत असलेला लबाड माणूस चौकट खरवडून अक्षर चिकटवू शकतो. खऱ्या नाण्यात अक्षर आणि आरसा एकाच दाबाने उठलेले असतात, त्यामुळे आरसा अक्षराच्या पायापर्यंत अखंड जातो. चिकटवलेल्या अक्षराभोवती डाखाची रेघ किंवा मंद पडलेले वर्तुळ दिसते.

सालाचा आकडा बदलला असेल तर आकड्याकडे कमी आणि बाकी नाण्याकडे जास्त पाहावे. याचे उत्तम उदाहरण १९११ चा पंचम जॉर्जचा रुपया. राजाच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आखूड उठली होती की तो लोकांना डुकरासारखा दिसला. आपल्या समाजात साहजिकच संताप झाला, सरकारने ते रुपये मागे घेतले आणि १९१२ पासून हत्ती सुधारला. त्यामुळे कोणी १९१२ चा शेवटचा आकडा कोरून १९११ केला तरी स्पष्ट सोंडेचा हत्ती त्याची चुगली करतो.

धातूची परीक्षा वजनकाट्यावर करावी. १९६९ चे गांधी शताब्दीचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे, ३४ मिलिमीटर व्यासाचे आणि ८० टक्के चांदीचे आहे. ते दोऱ्याने बांधून काट्यावर ठेवलेल्या पाण्याच्या पेल्यात, तळाला न टेकवता लोंबकळू दिले तर काटा सुमारे १.४८ ग्रॅमने वाढतो. तेवढ्याच वजनाचे तांबे-निकेलचे असेल तर १.६८ च्या आसपास. सीलबंद प्रूफवर हा प्रयोग करू नये. आणि यातून फक्त धातू कळतो, प्रूफ की साधे ते कळत नाही, कारण दोन्ही एकाच धातूची आहेत. लोहचुंबकावर तर आंधळा विश्वास नकोच. त्याच मालिकेतला एक रुपया आणि पन्नास पैसे निकेलचे आहेत. चुंबकाला चिकटले तरी ते अस्सल.

सोन्याचा मुलामा दिलेले, रंग भरलेले, भांड्यांच्या पावडरने घासलेले नाणे हे सर्व टांकसाळीबाहेरचे काम. संग्राहक त्याला बिघडवलेलेच म्हणतो, मग ते कितीही देखणे असो. काळवंडलेली चांदीही घरी साफ करू नये. तो काळेपणा हवेतल्या गंधकाचा असतो, प्रूफचा भाव त्याने थोडा उतरेल. पण राख-लिंबाने तो संपतोच. ईस्ट इंडिया कंपनीची म्हणून विकली जाणारी देवदेवतांची किंवा मक्का-मदिनेची चित्रे असलेली तर बहुधा नाणीच नव्हेत. ती टोकने आहेत.

प्रूफ घ्यायचेच असेल तर मूळ डबी आणि कागदासह घ्यावे. शंभर रुपयांच्या पूर्वीच्या स्मारक नाण्यांत ३५ ग्रॅम वजनात निम्मीच चांदी, म्हणजे साडेसतरा ग्रॅम असते, हे धरून किमान भाव काढावा आणि त्यावरची रक्कम आपण कशासाठी देत आहोत ते विचारावे. बिलावर नुसते "चांदीचे नाणे" लिहून घेऊ नये. साल, टांकसाळीची खूण, प्रूफ की यूएनसी, आणि विकणारा चूक सांगत असेल तर ती चूक कोणती, हे त्याच्या सहीने लिहून घ्यावे. लिहून द्यायला तो कुरकुर करू लागला तर नाणे त्याच्याच डबीत राहू द्यावे आणि उधारी रोखीत मागावी.