तिसरी पिन काढू नकोस

नागपूर, १४ ऑक्टोबर २०१८

छोटी,

तुझा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो. होम थिएटरची घों घों बंद व्हावी म्हणून अॅम्प्लिफायरच्या प्लगची तिसरी पिन काढून टाका, असं कारागीर म्हणाला ना? काढू नकोस. पिन काढली की आवाज बहुतेक वेळा खरंच थांबतो, म्हणूनच हा सल्ला घातक आहे. उद्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर फ्यूज उडणार नाही, सगळ्या पत्र्यात करंट उतरेल. आणि त्याला हात कुणाचा लागेल ते काय सांगावं? घरात रांगणारं लेकरू आहे.

आता ही घों घों येते कुठून ते बघ. अॅम्प्लिफायरला त्या तिसऱ्या पिनेतून, तुझ्या बोर्डातून, अर्थ म्हणजे जमिनीची जोड मिळते. केबलवाल्याची जी तार सेट टॉप बॉक्सला येते, तिच्या वरच्या जाळीला अर्थ मिळतो बाहेर, त्याच्या लाइनवर कुठेतरी. दोन ठिकाणच्या अर्थमध्ये थोडा फरक असतोच, आणि अर्धा-एक व्होल्टही पुरतो. त्या फरकाने जाळीतून करंट फिरतो आणि सेकंदाला ५० हेलकावे खाणारी आपली वीज स्पीकरमधून ऐकू येते. खात्री करायची तर सगळ्यांचे प्लग काढ, बॉक्सच्या मागची केबल सोडव, मग पुन्हा चालू कर. आवाज गेला, तर चोर सापडला. केबलच्या तारेत बसवायचा छोटा आयसोलेटर मिळतो, तो बसव. नाहीतर टीव्ही आणि अॅम्प्लिफायर फक्त ऑप्टिकल तारेने जोड. तिच्यातून उजेड जातो, करंट जात नाही. टीव्ही, बॉक्स, अॅम्प्लिफायर सगळं एकाच बोर्डावर घे.

केबल काढूनही आवाज राहिला, तर व्हॉल्यूम कमी-जास्त करून ऐक. व्हॉल्यूमबरोबर घों घों वाढली, तर ती मागच्या एखाद्या तारेतून आत येते आहे. एकेक तार काढून पाहा. जराही बदलली नाही, तर दोष बहुधा अॅम्प्लिफायरच्या पॉवर सप्लायमध्ये आहे, तो दुकानात दाखव.

मला मात्र तुझी दुसरी गोष्ट जास्त खटकली. आतल्या खोलीत कॉम्प्युटरच्या डब्याला हात लागला की झिणझिण्या येतात म्हणालीस. त्या सॉकेटला भोकं तीन आहेत, पण अर्थची वायर मागे जोडलेलीच नसावी. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये खरखर गाळण्यासाठी दोन कपॅसिटर असतात, एक फेजपासून डब्याला, एक न्यूट्रलपासून डब्याला. अर्थ नसला की डबा मधोमध लोंबकळतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ व्होल्टच्या आसपास. करंट अगदी कमी असतो, म्हणून नुसत्या झिणझिण्या येतात. पण गाळलेली खरखर जमिनीत जायची ती घरभरच्या वायरिंगमध्ये पसरते.

तुमच्या भिलाईच्या पोलाद कारखान्याची पहिली ब्लास्ट फर्नेस १९५९ साली सुरू झाली, आणि टाऊनशिपच्या सेक्टरमधली तुमच्यासारखी कितीतरी क्वार्टरं त्याच्या आगेमागेच उभी राहिली. चार बल्ब, एक-दोन पंखे, फार तर एक रेडिओ, एवढ्या हिशोबाच्या घरांत आता काय काय चालतं! तेव्हा परवान्याचा वायरमन बोलावून प्रत्येक सॉकेटवर मीटर लावून घे. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ जवळजवळ सारखे दिसले पाहिजेत, आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्टच्या वर नको. अर्थचा खड्डा कुठे आहे तेही त्याला विचार. तिकडची जमीन मुरमाड, मे महिन्यात ठणठणीत कोरडी होते. उन्हाळाभर त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतत जा.

राहिला आजीचा रेडिओ. संध्याकाळी दिवे लागले की आकाशवाणीचं नागपूर केंद्र खरखरीत बुडतं, हे ऐकून मला वाईट वाटलं. भिलाईत बसून मराठी ऐकायचा तिचा तेवढाच आधार आहे. यात कारखान्याला बोल लावू नकोस, आधी घरातच शोध. एलईडी बल्ब आणि मोबाइलचे चार्जर आतल्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतात-जोडतात. पुष्कळ चार्जर हे काम ६५ किलोहर्ट्झच्या आसपास करतात. त्यांची खरखर या आकड्याच्या पटीपटींवरही उमटते. ६५ ला ९ ने गुण: ५८५. नागपूर केंद्र नेमकं ५८५ किलोहर्ट्झवर आहे!

रेडिओत सेल घाल, ५८५ लाव आणि मेन स्विच बंद कर. खरखर थांबली, तर गुन्हेगार घरात आहे. मग सगळे एमसीबी खाली करून मेन चालू कर, एकेक एमसीबी वर कर, आणि ज्याने खरखर परतली त्या खोलीतला एकेक बल्ब, चार्जर, पंख्याचा रेग्युलेटर काढून पाहा. रेडिओ हातात धरून भिंतीजवळून फिरलीस तरी कळेल. सापडलेला बल्ब बदल, चार्जर रेडिओपासून लांब लाव. दिवाळीच्या माळा आता येतील, त्यातल्या स्वस्तातल्याही हाच त्रास देतात. मिक्सर चालू असताना होणारी कर्रकर्र किंवा फ्रिज लागताना येणारी ‘टक्’ क्षणाची असते, तिच्यामागे लागू नकोस.

मेन बंद करूनही खरखर राहिली, तर ती शेजारून किंवा खांबावरून येते आहे. सैल जंपर, तडकलेला इन्सुलेटर ठिणग्या टाकत असला की असं होतं. रात्री गच्चीवरून खांबाकडे बघ, ठिणगी दिसते का ते. दिसली तर खांबाचा नंबर आणि वेळ लिहून टाऊनशिपच्या वीज विभागात लेखी तक्रार दे, आणि पोच घे.

मीटरवर काय आकडे आले ते मला कळव.

तुझा,
मामा