फी वसूल करण्याच्या नादात

दिवाळी सरली किंवा जानेवारी लागला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टर, कुठलं जिम लावू?" त्याच्या मागोमाग दुसरा, "वर्षाचं पॅकेज घेतलं तर निम्म्यात बसतंय, घेऊन टाकू का?" तक्रार वजनाची असो, शुगरची असो की पाठीची, इलाजाची सुरुवात फी भरण्यापासून होते असं लोकांनी पक्कं धरून ठेवलं आहे. आणि ज्यांच्याकडे फीचे पैसे नाहीत ते तितक्याच ठामपणे सांगतात, "आमच्या आवाक्यातलं नाही हो ते. मग व्यायाम कुठनं होणार?" एक पैसे भरून निर्धास्त आहे, दुसरा पैसे नाहीत म्हणून हातपाय गाळून बसला आहे. गैरसमज दोघांचा एकच. आणि रक्ताचे रिपोर्ट आले की दोघांचे आकडे सारखेच वाईट असतात.

पैशाचं आधी बोलू. आमच्या कोल्हापुरात साध्या जिमला महिन्याला हजार-दीड हजार द्यावे लागतात असं पेशंट सांगतात. पुण्या-मुंबईत एसी, शॉवर आणि मोठमोठे आरसे आले की तोच आकडा दुप्पट-तिप्पट होतो, आणि स्वतंत्र ट्रेनर ठेवला तर त्याचे पैसे वेगळे. २२ सप्टेंबर २०२५ पासून जिमच्या फीवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तेव्हाही लोक मला विचारत होते, आता घेऊ का म्हणून. अहो, जाणार असाल तर घ्या. कर कमी झाला म्हणून कुणाचे पाय जिमकडे वळत नाहीत.

अमेरिकेत डेलाविन्या आणि मालमेंडियर या दोन अर्थतज्ज्ञांनी जिमच्या हजेरीपटाचा हिशेब मांडून २००६ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. महिन्याला ७० डॉलरहून जास्त भरणारे सभासद महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच जिमला जात होते. म्हणजे एका खेपेला त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होते. त्याच जिममध्ये दहा खेपांचा पास घेतला असता तर एक खेप १० डॉलरला पडली असती. माणूस फी भरताना पुढच्या महिन्यातल्या स्वतःबद्दल फार चांगलं मत बाळगतो. तिकडेही तसंच, इकडेही तसंच.

पण नुकसान फक्त पैशाचं झालं असतं तर मी हा लेख लिहिला नसता. डॉक्टर म्हणून मला भीती वाटते ती पुढच्या टप्प्याची, बुडालेली फी वसूल करायला निघालेल्या माणसाची.

चाळिशीतला एक व्यापारी पेशंट. वर्षाचे चौदा हजार एकरकमी भरले, पंधरा दिवस गेला, मग लग्नसराई आली, दुकानात गर्दी झाली आणि दोन-अडीच महिने खंड पडला. बायकोने पैशाची आठवण करून दिल्यावर एका सोमवारी तो पुन्हा गेला आणि पहिल्याच दिवशी तास-दीड तास नुसत्या बैठका मारल्या, त्याही खांद्यावर वजन घेऊन. ट्रेनर शेजारी उभा राहून आकडा मोजत होता. मंगळवारी मांड्या भरून आल्या. ते चालतंच, असं सगळ्यांनी सांगितलं. बुधवारी जिना उतरता येईना, म्हणून मेडिकलमधून पेनकिलर आणून दिवसाला तीन-तीन घेतल्या. गुरुवारी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची झाली. तेव्हाही तो आला नाही. मोबाईलवरचा कुठलासा 'किडनी साफ करणारा' काढा दोन दिवस प्याला. शनिवारी आला तेव्हा मांड्या दगडासारख्या घट्ट होत्या, स्नायूंची इजा दाखवणारा सीपीके हजारोंच्या घरात होता आणि मूत्रपिंडाचं काम दाखवणारं क्रिएटिनिन वाढलेलं होतं.

काय झालं होतं? ताण सहन न होऊन मांडीच्या स्नायूंच्या पेशी फुटल्या आणि त्यांच्यातलं मायोग्लोबिन रक्तात उतरलं. ते मूत्रपिंडात जाऊन साचतं, त्याला इजा करतं आणि लघवी काळपट होते. त्यात पेनकिलरने मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आणखी कमी केला. वेळेत सलाईन लागलं म्हणून डायलिसिसची वेळ आली नाही. आठवड्याभरात माणूस घरी गेला, आज ठणठणीत आहे. दवाखान्यातून घरी जाताना मला म्हणाला, "चौदा हजार भरले होते डॉक्टर, पाण्यात घालवायचे होते का?" मी त्याला ॲडमिशनचं बिल पुन्हा वाचायला सांगितलं.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. व्यायाम सुरू केल्यावर एक-दोन दिवस अंग दुखणं साहजिक आहे, त्याने घाबरून बंद करू नका. दोन-तीन दिवसांत दुखणं ओसरतं, हालचाल केली की मोकळं वाटतं. पण दुखणं वाढतच गेलं, स्नायू सुजून ताठ झाले, हातपाय उचलायला जोर उरला नाही किंवा लघवीचा रंग गडद तपकिरी झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. पेनकिलर नको, काढा नको. आणि खंड पडल्यावर परत सुरू करताना पहिल्या आठवड्यात आधीच्या निम्म्यापेक्षाही कमी करा. बुडालेले दिवस भरून काढता येत नाहीत, शरीराकडे तशी सोयच नाही.

दुसरी खूण छातीची. चढ चढताना, ट्रेडमिलवर किंवा वजन उचलताना छातीत दाब येतो, जबडा किंवा डावा हात दुखतो, थांबलं की बरं वाटतं. आमचे लोक त्याला गॅस म्हणतात आणि सोडा पितात. चालल्यावर येणारा आणि थांबल्यावर जाणारा 'गॅस' हृदयाचा असू शकतो. व्यायाम त्या क्षणी थांबवा आणि इसीजी काढून घ्या. बसल्या जागी दुखतंय, घाम फुटलाय, थांबूनही जात नाहीये, असं असेल तर स्कूटर काढू नका, १०८ ला फोन लावा. व्यायाम करताना चक्कर येऊन पडणं, नेहमीच्या चालीला अचानक धाप लागणं, छातीत अनियमित धडधड होणं, यातलं काहीही अंगावर काढायचं नाही.

याचा अर्थ जिमला जाण्याआधी प्रत्येकाने हजारोंच्या तपासण्या करून घ्याव्यात असा नाही. तिशीतला धडधाकट माणूस हळूहळू सुरुवात करणार असेल तर त्याला साधारणपणे कसलीही टेस्ट लागत नाही. शुगर, बीपी किंवा हृदयाचा आजार असेल, सिगारेट-तंबाखू असेल, घरात कुणाला कमी वयात अटॅक आला असेल, तर मात्र आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांची साखर व्यायामात झपकन उतरू शकते, त्यांनी खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावं. बीपीचे पेशंट वजन उचलताना श्वास रोखून धरतात आणि रक्तदाब भलताच चढतो. उचलताना श्वास सोडायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या.

आता ज्यांना फी परवडत नाही त्यांच्याकडे वळतो, कारण दवाखान्यात त्यांची संख्या जास्त आहे. तुमच्यावर रागावायला मला जड जातं, पण थोडं रागावणार आहे.

मेस चालवणाऱ्या एक काकू येतात. पहाटे पाचपासून पोळ्या लाटायला उभ्या. तीन महिन्यांची सरासरी साखर नऊच्या आसपास. मी व्यायामाचं काढलं की म्हणायच्या, "दीड हजार कुठनं आणू साहेब? आणि दिवसभर उभीच असते की मी." उभं राहणं आणि चालणं यात फरक आहे. उभ्याने पाय सुजतात. चालल्याने मांडीचे स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाटही बघावी लागत नाही. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालायला सांगितलं, दोन्ही वेळेला. गल्लीत, चपला घालून, भराभर. जोडीला ओट्याला धरून बैठका आणि भिंतीवर हात टेकून जोर, दहा-दहा, आठवड्यातून तीनदा. औषधं तीच होती, तीच ठेवली. सहा महिन्यांनी आकडा साडेसातच्या खाली आला. त्या आता मेसमधल्या मुलींनाही सोबत घेऊन जातात.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम. मध्यम म्हणजे चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतपत. पूर्वी सलग दहा मिनिटं तरी झाली पाहिजेत अशी अट होती, ती अटही आता नाही. पाच मिनिटांचा जिनाही हिशेबात धरला जातो. यात जिमचा उल्लेख कुठे नाही. तरीही २०२२ च्या आकड्यांनुसार भारतातले जवळपास निम्मे प्रौढ एवढंही करत नाहीत, आणि बायकांमध्ये हे प्रमाण ५७ टक्के आहे. याचं कारण फी नाही. पहाटे पाच ते रात्री अकरा बाई घरातल्या इतरांसाठी राबते, तिच्या वाट्याला अर्धा तास येत नाही. तो अर्धा तास घरातल्यांनी तिला काढून द्यायचा आहे. नवरे मंडळी हा लेख वाचत असतील तर हे तुम्हाला उद्देशून आहे.

शिफारशीतला दुसरा भाग, ताकदीचा, लोक सोयीस्कर विसरतात. रंकाळा तलावाला रोज फेरा मारणारे साठीतले काका सोफ्यावरून उठताना हाताचा आधार घेतात. चालण्याने हृदय चांगलं राहिलं, पण मांड्या गेल्या. साठीनंतर पडून खुब्याचं हाड मोडतं त्यात या गेलेल्या मांड्यांचा मोठा वाटा असतो. इथे जिमचा खरा उपयोग आहे, ते मी नाकारत नाही. वजनं तिथे हळूहळू वाढवता येतात, शिकवणारा चांगला असेल तर ढब सुधारते. पण जोर, बैठका, मुद्गल हे सगळं आपल्या तालमींत कधीपासूनच आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार संस्थानातल्या शाळांपर्यंत नेले, सूर्यनमस्कारांना सतरंजीएवढी जागा लागते. माझ्या शहरात पेठेपेठेत तालीम आहे. फक्त तिथे बायकांना अजून मोकळेपणाने जाता येत नाही, आणि ही गोष्ट मला मनापासून खटकते. महापालिकेच्या बागांतल्या ओपन जिममध्ये बायका पहाटे दिसतात, ते पाहून बरं वाटतं.

जिम लावायचंच असेल तर जरूर लावा. घरापासून चालत जाण्याच्या अंतरावरचं बघा आणि आधी एक-एक महिन्याची फी भरा, ती महाग पडली तरी. तीन महिने आठवड्यातून तीन दिवस गेलात, तर मग वर्षाचं बोला. तुमचं वय, बीपी, जुनी दुखापत न विचारता पहिल्याच दिवशी मोठी वजनं हातात देणारा ट्रेनर असेल तर तिथून परत फिरा.

आणि जिमच्या काउंटरवर जे विकतात त्याबद्दल मला कडक बोलायचं आहे. पावडरचा डबा दोन-तीन हजारांचा, म्हणजे फीपेक्षा जास्त. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत शरीर कमावण्यासाठी प्रोटीन पावडर टाळा असं स्पष्ट म्हटलं आहे. साध्या माणसाला दिवसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ५० ग्रॅम. दोन अंडी १२ ग्रॅम, पाव लिटर दूध ८ ग्रॅम, मूठभर शेंगदाणे ७ ग्रॅम. वर डाळ, उसळ आणि भाकरी आहेच. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या डब्याला हातही लावू नये. 'फॅट बर्नर' म्हणून दिलेल्या कॅप्सूलांनी छातीत धडधड सुरू होऊन रात्रभर न झोपलेली पोरं मी तपासली आहेत.

सगळ्यात वाईट इंजेक्शनं. पुण्यासह राज्यात अनेक ठिकाणी पोलिसांनी जिमच्या पोरांना विकली जाणारी मेफेन्टरमाइनची इंजेक्शनं पकडली आहेत. ऑपरेशनच्या टेबलावर पेशंटचा रक्तदाब घसरला तर तो वर आणायला भूलतज्ज्ञ हे औषध वापरतात. ते औषध वीस वर्षांचा मुलगा व्यायामाआधी टोचून घेतो, कारण कुणीतरी त्याला सांगितलंय की दम टिकतो. रक्तदाब आणि ठोके भडकतात, हृदयाची लय बिघडू शकते, भास होतात, सवय लागते. स्टेरॉइडने दंड फुगतात खरे, पण वृषणं आक्रसतात, शुक्रजंतू कमी होतात, छाती बायकांसारखी वाढू शकते. लग्नानंतर मूल होत नाही म्हणून तपासायला आलेल्या तरुणाने, बायको बाहेर गेल्यावर, हळूच इंजेक्शनांचं सांगितलं, असंही झालं आहे.

अशी पोरं हा लेख वाचत असतील तर एवढं ऐका. जे घेत असाल त्याची बाटली, गोळ्यांची स्ट्रिप, डबा, जे असेल ते घेऊन तुमच्या डॉक्टरांकडे जा, घरच्यांना सोबत आणलं नाही तरी चालेल. बीपी, इसीजी, लिव्हर आणि हार्मोनच्या तपासण्या करून घ्या. बऱ्याच जणांचं नुकसान बंद केल्यावर काही महिन्यांत भरून येतं. पण खूप दिवस घेत असाल तर स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. ते कसं कमी करायचं हे आम्ही ठरवून देतो, आणि त्यासाठी तुमच्यावर कुणी ओरडणार नाही.