वेबसाइटवरचे फोटो 'बोलते' करायला किती खर्च येतो?

सॉफ्टवेअरचा खर्च शून्य. लागतो तो वेळ, आणि तोही माल ओळखणाऱ्या माणसाचा.

दृष्टिहीन ग्राहकाचा स्क्रीन रीडर पानावरचा मजकूर वाचून दाखवतो. फोटो आला की तो त्यामागे लिहिलेलं वर्णन, म्हणजे ऑल्ट टेक्स्ट, वाचतो. ते नसेल तर फोटो गाळतो, नाहीतर 'आयएमजी ४०२३' असं फाइलचं नाव ऐकवतो. पैठणी विकताय आणि ग्राहकाला हे ऐकू येतंय!

वर्डप्रेसवर फोटो निवडलात की 'अल्टरनेटिव्ह टेक्स्ट'चा रकाना दिसतो. तिथे मराठीतच लिहा. मात्र मीडिया लायब्ररीत आज वर्णन भरलंत तरी जुन्या पानांत आधीच टाकलेल्या फोटोंना ते आपोआप लागत नाही. पान उघडून तिथेही भरावं लागतं. काम बाहेर देताना 'जुन्या पानांसह' हे शब्द कोटेशनमध्ये लिहून घ्या, नाहीतर त्याचं बिल नंतर वेगळं येईल.

लिहायचं काय? 'सुंदर साडी' नको. 'जांभळी पैठणी, हिरवे काठ, पदरावर मोर' एवढं पुरे. 'चा फोटो' लिहू नका, चित्र आहे हे स्क्रीन रीडर स्वतःच सांगतो. फोटोवर लिंक असेल तर ती कुठे नेते ते लिहा. नुसती नक्षी असेल तर रकाना रिकामा ठेवा. दरपत्रक, मेनूकार्ड, पतसंस्थेच्या सभेची नोटीस असलं काही फोटो म्हणून चढवलं असेल, तर तो सगळा मजकूर पानावर टाइप करा; ऑल्टच्या रकान्यात कोंबू नका. क्यूआर कोडखाली यूपीआय आयडी हवाच.

फोटोमागे दोन मिनिटं धरा. २०० फोटो म्हणजे सात तासांच्या आत काम. बाहेर द्यायचं तर एकरकमी आकडा न घेता फोटोमागे दर मागा, १८ टक्के जीएसटी धरून की वेगळा ते विचारा आणि आधी दहा फोटोंचा नमुना बघा. 'साडी नेसलेली स्त्री' अशी वर्णनं आली तर ती यंत्राने लिहिलीत; त्यासाठी माणसाचा दर देऊ नका.

एका ओळीचा कोड टाकून सगळी साइट सुगम करून देतो म्हणणाऱ्यांपासून जपा. वर्षाला वर्गणी घेतात, आणि तुमच्या साइटमध्ये मुळात काहीच बदलत नाही. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने अशाच दाव्यांवरून एका कंपनीला २०२५ मध्ये दहा लाख डॉलर भरायला लावले.

कागदपत्रं, प्रमाणपत्र? ऑल्ट टेक्स्ट लिहायला काहीच लागत नाही.

पैसे चुकते करण्याआधी स्वतः तपासा. विंडोजवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर फुकट आहे. डाउनलोड करताना देणगी मागतात, ती ऐच्छिक. साइट उघडून 'जी' दाबत जा, एकेक चित्र ऐकू येईल. मराठी मजकूर इंग्रजी धाटणीत वाचला जात असेल, तर पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी नोंदवायला सांगा. अँड्रॉइडवर तेच काम करणारं टॉकबॅक फोनमध्येच असतं. ते चालू करण्याआधी बंद करायचा शॉर्टकट सेटिंगमध्ये लावून ठेवा, कारण चालू झालं की स्पर्शाची रीतच बदलते: एकदा टेकवलं की वाचतं, दोनदा टकटक केली की उघडतं.